रोजनिशीवर नाव नाही, मग ती लिहिणारा शोधायचा कसा?

नमस्कार.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही समजूत चुकली असेल तर लगेच सांगता येईल. आजोळच्या घरातली पत्र्याची ट्रंक आवरताना तुम्हाला कापडी बांधणीची एक जाड वही मिळाली. सुरुवातीची पानं फाटलेली आहेत. आत रोजच्या नोंदी आहेत, मजकूर बाळबोध, म्हणजे देवनागरी लिपीत, आणि हिशेब मोडीत. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही. शके १८१८ ते १८२१ असे आकडे दिसतात. प्लेगमुळे माळावर झोपडीत राहिल्याचा, एका ग्रहणाचा, ‘आप्पा’ वारल्याचा आणि एका मामलेदाराच्या बदलीचा उल्लेख आहे. ही वही आजोबांच्या वडिलांची, असं घरातले सगळे म्हणतात. तुमचं विचारणं असं, की हस्ताक्षरतज्ज्ञाला दाखवली तर नक्की कळेल का, आणि कोणाकडे जावं?

आत्ताच कोणाकडे जाऊ नका. हस्ताक्षरतज्ज्ञ दोन लिखाणं शेजारी शेजारी ठेवून ती एका हातची आहेत का एवढंच सांगतो, आणि तुमच्याकडे एकच लिखाण आहे. दुसरं, म्हणजे अमुक माणसानेच लिहिलंय अशी खात्री असलेलं, अजून मिळायचंय, आणि ते कोणाचं शोधायचं हेच ठरलेलं नाही. नुसतं अक्षर बघून लिहिणाऱ्याचा स्वभाव आणि नशीब सांगणारेही भेटतील. त्यांचा नाद नको.

घराघरांतले जुने कागद वाचून देणं, मोडीचं लिप्यंतर करणं हे माझं काम. निनावी वही समोर आली की मी नाव शोधायला जात नाही. मी अशी एखादी नोंद शोधतो, की जी त्याच सुमारास दुसऱ्या कोणीतरी दुसऱ्या कुठल्यातरी दप्तरात लिहून ठेवलेली असणार. बदली, परीक्षा, मृत्यू, खरेदी, वाटणी, शाळेची तपासणी, असं काहीही. रोजनिशी लिहिणाऱ्याला स्वतःचं नाव लिहायची गरज पडत नाही, पण सरकारी दप्तराचं नावाशिवाय पान हलत नाही. दोन्हीकडची तारीख आणि घटना जुळली की नाव त्या बाजूने चालत येतं.

हे जमेलच असं मात्र नाही. लिहिणारा नोकरीत होता की घरची शेती किंवा सावकारी बघत होता, यावर बरंच अवलंबून आहे. नोकरदाराचा माग लागतो, कारण तो कोणाच्या तरी हजेरीपटावर असतो. गाव इंग्रजी मुलखातलं होतं की एखाद्या संस्थानातलं, यावर कोणत्या दप्तरात जायचं ते ठरतं. आणि वहीत माणसं किती आहेत, हे सगळ्यात महत्त्वाचं. फक्त पाऊसपाणी आणि देवदर्शन असेल तर मीही हात टेकतो. तुमच्या वहीत मृत्यू, बदली आणि ग्रहण आहे, म्हणजे सामग्री चांगली आहे.

सुरुवात वहीच्या तपासणीपासून करा. ही त्या त्या दिवशी लिहिलेली मूळ वही आहे, की नंतर कोणी बसून उतरवून काढलेली नक्कल? हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. मूळ रोजनिशीत शाई दर काही पानांनी बदलते, कुठे फिकी, कुठे गडद. घाईच्या दिवशी अक्षर बिघडतं, आजारपणात नोंद दोन शब्दांवर येते. नक्कल केलेल्या वहीत पानामागून पान एकाच लयीत जातं, आणि मधेच एखादी ओळ दोनदा येते किंवा गळते, कारण उतरवणाऱ्याची नजर सारख्या शब्दावरून घसरलेली असते. नक्कल असेल तर अक्षर एकाचं आणि आयुष्य दुसऱ्याचं, म्हणजे अक्षराची तुलना करून काहीच साधणार नाही. मूळ वहीतही सगळी पानं एकाच हातची आहेत का ते बघून घ्या. बाप गेल्यावर त्याच वहीत मुलाने हिशेब पुढे चालू ठेवलेला मी अनेकदा पाहिला आहे. फक्त एक सावधगिरी : मोडी आणि बाळबोध एकाच माणसाने लिहिलं तरी दोन वेगळी माणसं वाटतात. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लोंबवत जायचं असतं, बाळबोधात प्रत्येक अक्षर सुटं. त्यामुळे हिशेबाचं अक्षर वेगळं दिसलं म्हणून लगेच दुसरा लेखक मानू नका.

आता तारखा. शकाच्या आकड्यात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवले की इसवी सन येतो. शके १८१९ म्हणजे एप्रिल १८९७ ते मार्च १८९८. ही मिळवणी जानेवारी ते मार्च या महिन्यांत हमखास चुकते आणि सगळा शोध एका वर्षाने सरकतो. म्हणून तिथी आणि वार दोन्ही दिलेले असतील अशा पाच-दहा नोंदी जुन्या पंचांगाशी ताडून बघा. संवत्सराचं नाव असेल तर तेही बघा. शके १८१९ ला हेमलंबी संवत्सर होतं, आणि ते नाव साठ वर्षांनी पुन्हा येतं, म्हणजे आकडा पुसट असेल तरी घोटाळा होत नाही. छापील तारखांची डायरी असेल तर आणखी एक गंमत असते. मागच्या सालची कोरी राहिलेली डायरी लोक पुढे कधीतरी वापरत. छापलेला वार खोडून शाईने दुसरा लिहिलेला दिसला, की छापील सालावर विश्वास ठेवायचा नाही. तुमची वही साधी आहे, तेव्हा तुमच्यापुरता हा प्रश्न नाही.

तुमच्या वहीतलं ग्रहण हे मोठंच घबाड ठरू शकतं. २२ जानेवारी १८९८, शनिवार, पौष अमावास्या शके १८१९, या दिवशी महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला. कोकणात विजयदुर्गाला इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर यांचा तळ पडला होता, आणि सोलापूर जिल्ह्यात जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे नायगमवाला दुर्बिणी लावून बसले होते. पट्टा अरुंद होता. पुण्या-मुंबईत ते ग्रहण खंडग्रासच दिसलं. आता तुमच्या वहीतली नोंद शब्दशः वाचा. ‘खग्रास’ असं नुसतं लिहिलं असेल तर ते पंचांगातून उतरवलेलंही असू शकतं. पण दिवसा अंधार पडला, तारे दिसले, गुरं परतली, असं काही पाहिलेलं लिहिलं असेल, तर त्या दुपारी लिहिणारा त्या पट्ट्यात उभा होता, एवढं पक्कं. नकाशावर एक तिरकी रेघ मिळाली, आणि त्या रेघेबाहेरची सगळी गावं एका नोंदीत बाद झाली.

प्लेगचा उपयोग त्या मानाने कमी. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत सुरू झालेली साथ पुढे वर्षानुवर्षं परत परत येत राहिली, तेव्हा ‘झोपडीत राहायला गेलो’ यावरून साल ठरवू नका. गाव ठरवायला मात्र ती नोंद कामाची आहे. कोणत्या दिवशी गाव रिकामं केलं, कोणत्या माळावर गेले, परत कधी आले, हे टिपून ठेवा.

गाव काढायच्या आणखी काही खुणा सांगतो. वहीत ‘केसरी आला’ अशा नोंदी असतील तर त्या कोणत्या वाराच्या आहेत ते मोजा. तेव्हा केसरी दर मंगळवारी पुण्याहून निघे. तो दर वेळी बुधवारी हातात पडत असेल तर गाव रेल्वेच्या जवळचं, शुक्रवार-शनिवार उजाडत असेल तर आडवळणाचं. पैशाच्या हिशेबात ‘हाली’ आणि ‘कलदार’ असे दोन रुपये वेगळे लिहिले असतील, किंवा सन फसली, म्हणजे महसुली सन, दिलेला असेल, तर माणूस बहुधा निजामाच्या मुलखातला किंवा त्याच्या सीमेवरचा. हाली म्हणजे हैदराबादचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजी. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सनाच्या जवळ पोचता. रेल्वेची वेळ लिहिताना ‘मद्रास टाइम’ असं म्हटलं असेल तर तेही त्या काळाला धरून आहे. १९०६ पासून स्टँडर्ड टाइम लागू होण्याआधी रेल्वेची घड्याळं मद्रासच्या वेळेवर चालत, ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या अर्धा तास पुढे असत.

यानंतर माणसं. इथे घाई करू नका, कारण मराठी घरातल्या रोजनिशीत नाती जितकी उघडी पडतात तितकं दुसरं काही पडत नाही.

पहिली गोष्ट, लिहिणारा पुरुष होता हे तुम्ही गृहीत धरलंय. बघून खात्री करा. ‘केलें, लिहिलें, पाठविलें’ यांवरून काही कळत नाही, पण ‘मी गेलों, आलों, निजलों’ किंवा ‘मी गेलें, आलें, निजलें’ यांतून लगेच कळतं. रोजनिशीत ‘मी’ बहुधा गाळलेला असतो, म्हणून क्रियापदांचे शेवट बघत जा. अशी दहा-बारा ठिकाणं सापडली की हा प्रश्न मिटला.

दुसरी गोष्ट, ‘आप्पा’ म्हणजे कोण, हे हाकेवरून ठरवू नका. एकत्र कुटुंबात मुलं चुलत भावंडांचं ऐकून सख्ख्या बापालाही काका म्हणत, आईला वहिनी म्हणत, आणि मोठ्या भावाला आप्पा. हाक फसवते, पण उपाधी सहसा फसवत नाही. ‘ती. आप्पा’ म्हणजे तीर्थरूप, घरातला वडीलधारा. ‘चि.’ म्हणजे वयाने लहान. ‘रा. रा.’ म्हणजे बाहेरचा, मानाचा. ‘गं. भा.’ म्हणजे विधवा बाई. काटेकोर लिहिणारे आईवडिलांना तीर्थरूप आणि तसा मान द्यायच्या इतरांना तीर्थस्वरूप लिहीत. वहीतल्या प्रत्येक माणसासाठी एक चिठ्ठी करा. हाक, उपाधी, पहिल्यांदा कधी दिसला, शेवटचा कधी, ‘कै.’ कधीपासून लागलं, एवढं पुरे.

तिसरी गोष्ट, मृत्यू आणि श्राद्ध. आप्पा वारले त्यानंतर सुतक किती दिवस धरलं? दहा दिवसांचं सुतक आणि क्रियाकर्म स्वतः केल्याची नोंद असेल तर लिहिणारा बहुधा मुलगा. तीन दिवसांत मोकळा झाला असेल तर नातं लांबचं किंवा आईकडचं. रीत घराघरात वेगळी असते, तेव्हा हा नियम म्हणून धरू नका, दिशा म्हणून धरा. मग पुढची वर्षं चाळा. दरसालच्या श्राद्धाची तिथी बापाच्या मृत्यूची तिथी देते. भाद्रपदातल्या महालयाची, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाची, तिथी तिला दुजोरा देते. आणि अविधवा नवमीला आईसाठी काही केलं असेल तर आई सवाष्णपणी, म्हणजे बापाच्या आधी गेली, हेही समजतं. आईबापांच्या मृत्यूच्या तिथ्या आणि त्यांचा क्रम हातात आला, की एखाद्या वंशावळीत हे घर ओळखता येतं. लेखक स्वतःविषयी गप्प असला तरी श्राद्ध कोणाचं करायचं हे त्याला लपवता येत नाही.

चौथी गोष्ट माझ्या विशेष आवडीची : वहीत कोण नाही ते बघा. दिवाळीच्या कापडखरेदीचा हिशेब घ्या. दादांस धोतरजोडी, वहिनींस लुगडं, चि. बाळूस कोट, असं सगळ्या घराचं कापड त्यात येतं. स्वतःच्या धोतराला मात्र तो ‘खुद्द’ लिहितो किंवा काहीच लिहीत नाही. लग्नामुंजींच्या याद्या, प्रवासाला कोण कोण निघालं, आजारी कोण पडलं, यांतूनही घरातल्या माणसांची यादी तयार होते. ती यादी कुलवृत्तांताशी, म्हणजे घराण्याच्या लिहिलेल्या इतिहासाशी, किंवा घरातल्या वंशावळीशी ताडा. वंशावळीत पाच भाऊ आणि वहीत चौघेच नावानिशी वावरत असतील, तर पाचव्याबद्दल संशय घ्यायला जागा आहे. संशयच, कारण पाचवा लहानपणी गेलेला किंवा दत्तक गेलेलाही असू शकतो. बऱ्याच घराण्यांचे कुलवृत्तांत छापलेले आहेत, काहींचे नाहीत, आणि ज्यांचे छापलेले नाहीत त्यांच्यातही लिहिणारी माणसं भरपूर होती. जुनी रोजनिशी म्हटली की ठरावीक आडनावंच शोधायची, ही खोड शोधाला मारक आहे.

आता धंदा. यासाठी शब्दच बघायचे. जमाबंदी, तगाई, आणेवारी, हुजूर, खजिना, चलन हे शब्द सहज येत असतील तर माणूस महसुली कचेरीतला. हजेरी, शेरेबुक, इयत्ता, परीक्षा, ग्रँट असे येत असतील तर मास्तर. मोरी, खडी, ओव्हरसियर येत असतील तर बांधकाम खात्यातला. एका कुटुंबाने मला वही आणून दिली तेव्हा ती महसुलात कारकून असलेल्या पणजोबांची, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. ‘डेप्युटी आले, मुक्काम केला, काम पाहून समाधान’ ही नोंद त्यांचा मुख्य पुरावा. पण त्याच आठवड्यात मुलांच्या इयत्ता होत्या आणि सुट्टी दिल्याचा उल्लेख होता. हे डेप्युटी कलेक्टर नव्हते, शाळाखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर होते. वही लिहिणारा गावचा मास्तर निघाला. तो त्यांच्या घरी ओसरीलगतच्या खोलीत भाड्याने राहत असे आणि बदली झाल्यावर वही तिथेच राहिली. गावच्या शाळेत त्या काळचं जनरल रजिस्टर शिल्लक होतं, त्यात हेडमास्तरांच्या हातच्या नोंदी होत्या. अक्षर तिथे जुळलं. घरच्यांना थोडं वाईट वाटलं, ते साहजिक आहे.

ही हकिकत सांगायचं कारण असं, की वही ज्या घरात मिळाली त्या घरातल्या माणसाने ती लिहिली, याला काही आधार नसतो. भाडेकरू, वारावर जेवणारे विद्यार्थी, आश्रित नातेवाईक, सगळ्यांचे कागद ट्रंकेत जातात. शिवाय कागद मुलींबरोबर सासरी जातात. विधवा आत्या माहेरी परत येताना नवऱ्याची वही घेऊन येते, आणि दोन पिढ्यांनी ती ‘आमच्या पणजोबांची’ होते. तुमच्या बाबतीत तर घर आजोळचं आहे. त्या घरात लग्न होऊन आलेल्या आणि त्या घरी परत आलेल्या बायकांची माहेर-सासरची आडनावं आधी लिहून काढा.

इथवर काय काय हातात यायला हवं, ते एकदा बघू : पक्की सालं, गाव किंवा निदान टापू, स्त्री की पुरुष, बापाच्या मृत्यूची तिथी, भावंडांच्या हाका, आणि कामधंदा. नाव अजून नाही. हे काम घरी बसून होतं, आणि हे झाल्याशिवाय दप्तरात गेलात तर फक्त धूळ खाऊन परत याल.

दप्तराकडे निघताना तुमच्याकडची सगळ्यात चांगली नोंद मामलेदाराच्या बदलीची आहे. का ते सांगतो. तुमचा लेखक लहान माणूस असेल तर त्याचं नाव छापील कागदात येणार नाही. पण मामलेदाराची नेमणूक, बदली, रजा ‘बॉम्बे गव्हर्नमेंट गॅझेट’मध्ये छापून येत असे, आणि कोणता अधिकारी कुठे आहे याच्या सिव्हिल लिस्टही निघत. वहीत मामलेदाराचं आडनाव आणि तो रुजू झाल्याची तारीख असेल तर गॅझेटातून तालुका निघतो. मोठ्या माणसाच्या तारखांनी लहान माणूस नकाशावर बसतो. मुंबईचं पुराभिलेख संचालनालय, पुण्याचं पुरालेखागार ही त्यासाठी जायची ठिकाणं. गाव कोल्हापूर संस्थानातलं निघालं तर कोल्हापूरचं पुरालेखागार. लिहिणारा शिकलेला असेल आणि मॅट्रिक किंवा पुढची परीक्षा दिल्याचं लिहीत असेल, तर मुंबई विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं बघा. त्यांत उत्तीर्ण झालेल्यांच्या याद्या आहेत.

तालुका समजला की आप्पांच्या मृत्यूकडे वळा. गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. कुणबी नोंदींच्या शोधमोहिमेत २०२३ पासून अशा जुन्या वह्या आणि शाळांची रजिस्टरं मोठ्या प्रमाणावर स्कॅन झाली, आणि काही जिल्ह्यांनी ती आपल्या संकेतस्थळावर टाकली आहेत. मोडीतल्या पानांसह. आधी तिथे बघा, मग तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. त्या गावात त्या तारखेला किंवा मागेपुढे एक-दोन दिवसांत (नोंद कोणी सांगितल्यावरच होत असे) कोण वारलं, हे मिळालं की आप्पांना खरं नाव मिळतं. जमीन असेल तर पुढे वारसाची नोंद फेरफारात सापडते, आणि वारसांच्या नावांत तुमचा लेखक बसलेला असण्याची शक्यता दाट आहे. हा फेरफार मृत्यूनंतर कधीकधी बऱ्याच वर्षांनी झालेला असतो, म्हणून पुढची सालंही चाळा.

नाव मिळालं की आनंद आवरा आणि ते पाडायचा प्रयत्न करा. समजा लेखक गोविंद नावाचा मुलगा असं वाटतंय. मग गोविंदाबद्दल वहीबाहेर जे काही माहीत आहे ते वहीशी भिडवा. त्याच्या मुलाचा जन्म त्या काळातला असेल तर वहीत बारसं आहे का? वही ज्या दिवशी कऱ्हाडात आहे म्हणते त्या दिवशी गोविंद दुसरीकडे कुठल्या दस्तावर सही करतोय का? आप्पा वारल्यानंतरच्या एखाद्या खरेदीखतावर गोविंदाच्या बापाची सही दिसली, तर सगळा डोलारा कोसळला, पुन्हा सुरुवात. असं मुद्दाम शोधूनही विरोधी काही सापडलं नाही, तेव्हा ते नाव माझ्या लेखी टिकलं.

आता अक्षराची पाळी. आता ते कामाचं आहे, कारण कोणाशी ताडायचं ते ठरलंय. गोविंदाच्या हातचं, त्याच लिपीतलं, शक्य तितकं त्याच काळातलं लिखाण हवं. कुठे मिळेल? मूळ खरेदीखतावर ‘दस्तुर खुद्द’ असेल तर मजकूर त्याच्याच हातचा; ‘बिकलम’ असेल तर लिहिणारा दुसराच. इथे बरेच जण फसतात. रजिस्ट्री कचेरीतल्या पुस्तकात दस्ताची जी नक्कल असते ती तिथल्या कारकुनाच्या अक्षरात असते, ती तुलनेला उपयोगाची नाही. मास्तर असेल तर शाळेचं रजिस्टर, हे वर आलंच. आणि एक फारसं न सुचणारं ठिकाण म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया अशा ठिकाणी उपाध्याय यजमानाकडून त्याच्या हाताने नाव, गाव, बाप-आजा, भाऊ, मुलं लिहून घेत. म्हणजे वंशावळ आणि अक्षराचा नमुना एकाच पानावर. वहीत तीर्थयात्रा असेल तर उपाध्यायांचं नाव टिपून ठेवा.

ताडताना एकूण ‘सारखं वाटतंय का’ असं बघू नका. एका शाळेत, एका कित्त्यावर शिकलेल्या सगळ्यांचं अक्षर सारखंच वाटतं. अ, झ, ण, ल, श यांची वळणं, आकड्यांत ५, ८, ९ कसे काढलेत, अनुस्वार टिंब आहे की छोटी रेघ, चूक खोडायची तऱ्हा, तारीख लिहायची तऱ्हा, ओळीच्या शेवटी शब्द तोडतो की कोंबतो, अशा सवयी बघा. ‘गांव, नांव, त्यांत, केलें’ यांवरचे अनुस्वार नेमके जागच्या जागी आहेत का? तेव्हाच्या शालेय व्याकरणात ते सक्तीचे होते, आणि १९६२ च्या नियमांनी त्यांतले बरेचसे गेले. काही माणसं ते कधीच चुकत नाहीत, काही जण सगळीकडे शिंपडतात. ही सवय वळणापेक्षा लपवायला कठीण. एक साम्य सापडलं म्हणून हुरळू नका आणि एक फरक दिसला म्हणून सोडून देऊ नका. बोरू, टाक, म्हातारपण, थंडी, सगळ्यांचा हातावर परिणाम होतो. इथे कुठे अडलात आणि खर्चाची तयारी असेल, तर तज्ज्ञाकडे जरूर जा, पण छायाप्रती नको, मूळ कागद न्या.

घरच्यांना सांगताना मी तीन पायऱ्या ठेवतो. स्वतंत्र दप्तराची नोंद आणि अक्षर दोन्ही जुळलं तर ‘निश्चित’. दप्तराच्या दोन वेगवेगळ्या नोंदी जुळल्या पण अक्षराचा नमुना नाही, तर ‘बहुधा’. नुसतं घरच्या आठवणीशी जुळलं तर ‘शक्य’. आज तुमचे पणजोबा तिसऱ्या पायरीवर आहेत. वहीच्या मुखपृष्ठावर पेनने त्यांचं नाव लिहू नका, ही कळकळीची विनंती. एकदा लिहिलं की पुढच्या पिढीला तोच पुरावा होतो.

वही हाताळण्याविषयी दोनच शब्द. लॅमिनेशन नाही, सेलोटेप नाही, पानं ओली करून सुटी करणं नाही. पानांवर मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात क्रमांक घाला, मधल्या सुट्या चिठ्ठ्या ज्या पानात आहेत तिथेच राहू द्या आणि त्यांचाही फोटो त्या पानासह घ्या. फाटलेल्या पानांच्या मुळाशी राहिलेल्या पट्ट्यांवर बघा, कधीकधी तिथे अर्धी अक्षरं शिल्लक असतात आणि पहिल्या पानावरच नाव लिहायची पद्धत होती.

मदत हवी असेल तर सगळी वही एकदम पाठवू नका. ग्रहणाच्या आठवड्याची पानं, आप्पा वारल्यापासून तेराव्यापर्यंतची, मामलेदाराच्या बदलीची, एखाद्या दिवाळीचा मोडी हिशेब, आणि भाद्रपद वद्यातला पंधरवडा, कोणत्याही एका सालचा, एवढं द्या. फोटो दिवसाच्या उजेडात, पान सपाट ठेवून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढा. मोडी हिशेब मी वाचून देईन. नात्यांच्या चिठ्ठ्या मात्र तुम्हीच करा, कारण कोणती आत्या कोणाच्या घरी दिली होती हे तुमच्या मामांना जितकं ठाऊक असेल तितकं मला कधीच कळणार नाही.